पार्ट बदलल्यावर टचपॅड बंद पडलं तर शोध कुठून सुरू करायचा

लॅपटॉपची बॅटरी बदलली, कीबोर्ड बदलला किंवा बिजागरी दुरुस्त झाली. मशीन झक्क चालू झालं, पण पडद्यावरचा बाण जागचा हलत नाही. कोल्हापुरात राजारामपुरी असो की शाहूपुरी, दुरुस्तीच्या टेबलावर ही तक्रार नेहमीची. 'टचपॅड गेलं' असा निकाल लागतो आणि नवं टचपॅड मागवलं जातं. हा निकाल बहुतेकदा चुकतो. कालपर्यंत नीट चालणारं टचपॅड नेमकं दुरुस्तीच्या दिवशीच आपणहून मरावं, हे क्वचित घडतं. तुटलेला असतो तो टचपॅड आणि मदरबोर्ड यांच्यातला संपर्क, आणि तोही जिथे हात फिरला तिथेच. म्हणून पैसे मोजण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: काम करताना कशाकशाला हात लागला?

शोध सुरू करताना एक साधा वायरवाला माऊस जोडून घ्या. नसेल तरी अडत नाही. विंडोजचं बटण आणि एक्स एकत्र दाबा, मग एम दाबा, डिव्हाइस मॅनेजर उघडतो. आत टॅब आणि बाणांच्या बटणांनी फिरता येतं आणि उजव्या क्लिकचं काम शिफ्ट व एफ१० मिळून करतात.

झाकण उघडण्याआधी

कीबोर्ड बदलल्यावर प्रत्येक बटण दाबून बघायची पद्धत आहे आणि ती चांगलीच आहे. पण वरच्या ओळीतल्या एफच्या बटणांपैकी एकावर टचपॅड चालू-बंद करायची सोय असते. सगळी बटणं तपासताना तेही दाबलं जातं आणि टचपॅड झोपतं. मग आतल्या वायरींच्या पट्ट्या उपसण्यात दुपार जाते. बटणावर टचपॅडचं छोटं चित्र असतं. ते आधी एकटं आणि मग एफएनसोबत दाबून बघा. जुन्या एचपी लॅपटॉपांत टचपॅडच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात एक बारीक खूण किंवा दिवा असतो. तिथे दोनदा टिचकी मारली की टचपॅड बंद होतं, पुन्हा दोनदा मारली की चालू.

त्यानंतर विंडोजची सेटिंग. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस, मग टचपॅड. विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, डिव्हाइसेस, टचपॅड. वरचा मुख्य स्विच चालू आहे ना ते बघाच, पण त्याच्या जवळचा माऊस जोडलेला असताना टचपॅड चालू ठेवण्याचा पर्यायही बघा. त्यावर टिक नसेल, तर तपासणीसाठी जोडलेला माऊसच टचपॅड बंद पाडतो. वायरलेस माऊसचा नखाएवढा रिसीव्हर मागे विसरलेला असला तरी तोच परिणाम. याच पानावर टचपॅडचा भागच दिसत नसेल, तर विंडोजला प्रिसिजन पद्धतीचं टचपॅड सापडलेलं नाही, आणि पुढचा तपास डिव्हाइस मॅनेजरमध्ये.

बायॉसही (विंडोजच्या आधी चालू होणारं मशीनचं मूळ सॉफ्टवेअर) बघून घ्या. काम करताना बॅटरी काढली की काही मशीनांत बायॉसच्या सेटिंग मूळ पदावर जातात. एसर आणि डेलमध्ये एफ२, एचपीत एफ१०, थिंकपॅडमध्ये एफ१ दाबून आत जाता येतं. एसरच्या बऱ्याच मॉडेलांत मेन पानावर टचपॅडपुढे बेसिक आणि अ‍ॅडव्हान्स्ड असे दोन पर्याय असतात. बेसिक म्हणजे टचपॅड बोर्डाशी जोडण्याची जुनी पीएस-२ पद्धत, अ‍ॅडव्हान्स्ड म्हणजे नवी आयटूसी. विंडोजमध्ये एका पद्धतीचा ड्रायव्हर आणि बायॉसमध्ये दुसरी, असं झालं की टचपॅड गप्प. पर्याय एकदा बदलून, सेव्ह करून बघायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

आणि हो, 'शटडाउन करून चालू केलं' याला रीस्टार्ट म्हणत नाहीत. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनमध्ये विंडोजचा गाभा झोपवून ठेवला जातो आणि जुनाच घोळ सकाळी परत उठतो. रीस्टार्टच निवडा, किंवा शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा.

डिव्हाइस मॅनेजर काय सांगतो

'ह्यूमन इंटरफेस डिव्हाइसेस' आणि 'माइस अँड अदर पॉइंटिंग डिव्हाइसेस' या दोन फांद्या उघडा. अलीकडच्या बहुतेक लॅपटॉपांत टचपॅड आयटूसी मार्गावर असतं. ते 'आयटूसी एचआयडी डिव्हाइस' म्हणून दिसतं आणि सोबत 'एचआयडी-कम्प्लायंट टचपॅड' अशी नोंद असते. जुन्या मशीनांत ते पीएस-२ वर, सिनॅप्टिक्स, एलन किंवा आल्प्स या बनवणाऱ्या कंपनीच्या नावाने सापडतं.

इथे भलेभले फसतात. आयटूसी टचपॅडची नोंद विंडोजला टचपॅडकडून मिळत नाही, बायॉसने दिलेल्या तक्त्यातून मिळते. त्यामुळे पट्टी पूर्ण सुटलेली असली तरी 'आयटूसी एचआयडी डिव्हाइस' यादीत दिसू शकतं, फक्त पिवळ्या त्रिकोणासकट. त्यावर दोनदा क्लिक केलं की कोड १० दिसतो: डिव्हाइस सुरू होऊ शकत नाही. म्हणजे विंडोजने हाक मारली आणि पलीकडून ओ आली नाही. 'यादीत आहे म्हणजे वायर ठीक, ड्रायव्हरच बिघडलाय' असं समजून लोक तास न् तास ड्रायव्हर काढत-घालत बसतात. पार्ट बदलल्यानंतर लगेच कोड १० आला असेल तर आधी पट्टी बघा. ड्रायव्हरचा विचार नंतर.

टचस्क्रीनवाल्या मशीनमध्ये 'आयटूसी एचआयडी डिव्हाइस' अशा दोन नोंदी असू शकतात, एक पडद्याची आणि एक टचपॅडची. कुठली कोणाची ते प्रॉपर्टीजमधल्या डिटेल्स टॅबवर हार्डवेअर आयडी निवडून बघता येतं. एलन किंवा सिनॅप्टिक्सच्या नावाची पहिली अक्षरं तिथे सहसा दिसतात. त्रिकोण पडद्याच्या नोंदीवर आणि खटपट टचपॅडवर, असं होऊ देऊ नका.

नोंदच नसेल तर 'सिस्टिम डिव्हाइसेस'मध्ये जा. इंटेलच्या मशीनमध्ये 'सीरियल आयओ आयटूसी होस्ट कंट्रोलर', एएमडीच्या मशीनमध्ये 'एएमडी आयटूसी कंट्रोलर', आणि दोन्हींत जीपीआयओ कंट्रोलर दिसायला हवेत. आयटूसी हा माहिती वाहून नेणारा रस्ता. 'बोट लागलंय, माहिती घ्या' हा इशारा मात्र जीपीआयओच्या वेगळ्या तारेवरून येतो. दोहोंपैकी एक नसला तरी टचपॅड चालत नाही. नवी एसएसडी बसवून विंडोज कोरं टाकलं असेल तर हेच ड्रायव्हर टाकायचे राहिलेले असतात आणि 'अदर डिव्हाइसेस'मध्ये अनोळखी नोंदींची रांग लागलेली असते. लॅपटॉप कंपनीच्या साइटवर आपला नेमका मॉडेल किंवा सीरियल नंबर घालून आधी चिपसेट आणि सीरियल आयओचे ड्रायव्हर टाका, मग टचपॅडचा. क्रम उलटा केला तर टचपॅडच्या इन्स्टॉलरला टचपॅड सापडतच नाही.

सगळं दिसतंय, त्रिकोण कुठेच नाही आणि तरी बाण हलत नाही? मग दोष बहुधा चालू-बंदच्या सेटिंगचा, ग्राउंडचा (कव्हरच्या धातूशी असलेल्या जोडणीचा) किंवा खालून येणाऱ्या दाबाचा.

दोष विंडोजचा की हार्डवेअरचा, याचा निकाल लावायचा तर उबुंटू या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमचा पेनड्राइव्ह हाताशी ठेवा. त्यावरून मशीन सुरू करून 'ट्राय' निवडलं की डिस्कला धक्का न लावता टचपॅड तपासता येतं. तिथे चाललं तर स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवा. तिथेही बंद असेल तर झाकण उघडायला हरकत नाही. पण त्याआधी बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू आहे का ते बघा. असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहून ठेवा; बायॉसमध्ये फेरफार झाला किंवा मदरबोर्ड बदलला की विंडोज ती मागू शकतं.

उघडताना

लागणारी हत्यारं थोडी: पीएच-० आणि पीएच-०० हे फिलिप्स स्क्रू-ड्रायव्हर, काही मॉडेलांना टी-५ टॉर्क्स, मॅकबुकच्या खालच्या झाकणाला पाच पाकळ्यांचा पी-५, प्लास्टिकची चपटी काडी, प्लास्टिकच्या टोकाचा चिमटा, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी पिवळसर टेप) आणि एक साधा मल्टिमीटर.

चार्जर काढा, मशीन पूर्ण बंद करा, झाकण उघडल्यावर पहिलं काम बॅटरीचं सॉकेट सोडवणं. वायर धरून ओढू नका. प्लास्टिकच्या काडीने दोन्ही बाजूंनी थोडं थोडं सरकवा. थिंकपॅडमध्ये बायॉसच्या पॉवर भागात अंतर्गत बॅटरी बंद करायचा पर्याय असतो, तो आधी वापरावा. बॅटरी सुटली की पॉवरचं बटण २० सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलासुरला करंट निघून जातो. काही वेळा एवढ्यानेच अडकलेलं टचपॅड ताळ्यावर येतं.

बॅटरीसाठी एवढा आग्रह का, ते समजून घ्या. टचपॅडच्या पट्टीत ३.३ व्होल्टची तार असते आणि तिच्या आसपासच ग्राउंडची. करंट चालू असताना पट्टी तिरकी आत गेली तर दोन्ही क्षणभर भिडतात आणि बोर्डावरचा मोहरीएवढा फ्यूज उडतो. मग खरोखरच 'टचपॅड गेलं' अशी अवस्था, आणि नवं टचपॅड लावूनही उपयोग शून्य.

पट्टी आणि तिचं लॉक

खरा घोळ इथे असतो, म्हणून घाई करू नका. टचपॅडची पट्टी म्हणजे चपटी पांढरी वायर. टोकाला काही मिलिमीटर उघडे चंदेरी किंवा सोनेरी संपर्क आणि त्यांच्या पाठीवर निळं कडक प्लास्टिक. हे टोक ज्या सॉकेटमध्ये जातं त्याचं लॉक दोन तऱ्हांचं. एकात पातळ काळी किंवा पांढरी झडप असते. नखाने वर उचलली की ती उभी राहते. दुसऱ्यात दोन बाजूंना बारीक कान असतात. ते पट्टीच्या दिशेने मिलिमीटरभर बाहेर सरकवायचे. पहिल्या प्रकारात ओढलं किंवा दुसऱ्यात उचललं, तर लॉक हातात येतं. झडप पट्टी शिरते त्या बाजूला आहे की मागच्या, हेही आधी भिंगातून किंवा मोबाईलचा कॅमेरा मोठा करून बघा. मागची झडप पुढून उचकटायचा प्रयत्न केला की सॉकेटच्या पिना वाकतात.

लॉक पूर्ण उघडं असेल तर पट्टी विनाजोर निघते आणि विनाजोर शिरते. जोर लागतोय म्हणजे लॉक उघडं नाही. घालताना पट्टी निळ्या प्लास्टिकला दोन्ही कडांनी धरा, सॉकेटला सरळ रेषेत आणा आणि आत टेकेपर्यंत सरकवा. बऱ्याच पट्ट्यांवर एक आडवी पांढरी रेघ असते. पट्टी नीट बसली की ती सॉकेटच्या कडेशी अगदी समांतर येते. एका टोकाला रेघ दिसतेय आणि दुसऱ्या टोकाला आत गेलीय, तर पट्टी तिरकी आहे, मग ती कितीही घट्ट वाटो. लॉक लावा आणि पट्टीला हलकेच ताण द्या. सरकली तर लॉक बसलेलं नाही.

उघडे संपर्क वर की खाली, हाही घोळाचा मुद्दा. सॉकेटच्या आत डोकावलं की पिना कुठल्या अंगाला आहेत ते दिसतं. संपर्क त्याच अंगाला यायला हवेत. निळी बाजू नेहमी वरच, असा नियम नाही. काढण्याआधी फोटो काढला असेल तर प्रश्नच मिटतो. पट्टीची दोन्ही टोकं तपासा, कारण बोर्डाकडचं टोक नीट लावून टचपॅडकडचं टोक विसरणं फार सोपं असतं. ते टोक अनेकदा बॅटरीखाली असतं आणि बॅटरी बसवताना ओढलं जातं.

शेजारच्या पट्ट्यांचीही अदलाबदल होते. कीबोर्डच्या दिव्याची पट्टी बऱ्याचदा ४ पिनांची असते, पण पॉवर बटणाची आणि बोटाच्या ठशाच्या सेन्सरची पट्टी टचपॅडच्या पट्टीएवढीच रुंद असू शकते. एकीच्या सॉकेटमध्ये दुसरी गेली तर टचपॅड बंद, शिवाय जळण्याची भीती. पिना मोजा आणि बोर्डावर सॉकेटच्या शेजारी छापलेलं नाव वाचा. टचपॅडच्या सॉकेटजवळ टीपी ही अक्षरं बहुधा सापडतात.

संपर्कांवर काळपट थर, पांढरी बुरशी किंवा चिकटपणा दिसला तर अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या काडीने संपर्कांच्या लांबीच्या दिशेने पुसा. खोडरबर घासू नका. रॅमच्या कार्डावर चालतं, पण पट्टीवरचा मुलामा फार पातळ असतो आणि तो निघून येतो. २०१९ किंवा २०२१ च्या पुरात ओल लागलेल्या, नाहीतर पावसाळाभर बंद कपाटात राहिलेल्या मशीनमध्ये हा थर हमखास बघावा. उद्यमनगर, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतून आलेल्या लॅपटॉपात लोखंडाचा बारीक कीस असतो आणि तो चुंबकाच्या टोकाच्या स्क्रू-ड्रायव्हरला चिकटून थेट बोर्डावर पोचतो. हुपरीच्या चांदीकामाच्या ठिकाणी वापरलेल्या मशीनचंही तसंच. चांदीची धूळ करंट वाहून नेते. आधी मऊ ब्रशने आणि हवेच्या फुंकणीने जागा साफ करा, लॉक त्यानंतर उघडा.

झडप तुटलीच असेल तर पट्टी सरळ बसवून वरून कॅप्टॉन टेप आणि त्यावर झाकणाने दाबला जाईल असा फोमचा पातळ तुकडा, ही तात्पुरती सोय. महिना-दोन महिने चालेलही, पण लॅपटॉप बॅगेतून ये-जा करत असेल तर ती टिकत नाही. सॉकेट बदलणं हे गरम हवेने टाका वितळवणाऱ्या हॉट एअर यंत्राचं काम आहे. ते घरी करायचं नाही.

कुठला पार्ट बदलला, त्यावरून कुठे बघायचं

बॅटरी बदलली असेल तर पहिला संशय दाबाचा. बऱ्याच लॅपटॉपांत टचपॅड बॅटरीला खेटून किंवा तिच्या वर असतं. पर्यायी कंपनीची बॅटरी अर्धा मिलिमीटर जरी जाड असली तरी टचपॅड खालून उचललं जातं आणि क्लिक कायम दाबलेलं राहतं. विंडोजला वाटतं कोणीतरी बटण धरून ठेवलंय, म्हणून बाण हलतो पण काहीच उघडत नाही, किंवा नुसती निवड होत राहते. बॅटरीचे स्क्रू सैल करून, झाकण न लावता, मशीन हाताने उभं धरून तपासा. टचपॅड चालू लागलं तर गुन्हेगार सापडला. जुनी बॅटरी फुगलेली होती का, हेही विचारा, कारण फुगलेल्या बॅटरीने टचपॅडची पाठ आधीच वाकवलेली असू शकते. फुगलेल्या बॅटरीला टोचायचं नाही, दाबायचं नाही, कचऱ्यात टाकायचं नाही. ती ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यायची.

कीबोर्ड बदलणं हे अनेक मॉडेलांत मोठं ऑपरेशन. कीबोर्ड वरच्या कव्हरला प्लास्टिकच्या वितळवलेल्या ठिपक्यांनी जोडलेला असतो, त्यामुळे बोर्ड, बॅटरी आणि टचपॅडची पट्टी सगळं बाहेर काढावं लागतं. परत जोडताना टचपॅडमागचा चंदेरी फॉइलचा किंवा चिकट जाळीचा तुकडा फेकला जातो. 'पॅकिंगचा कागद' वाटतो, पण तोच ग्राउंड असतो.

वरचं कव्हर टचपॅडसकट आलं असेल तर त्यावरचा स्टिकर वाचा. एकाच मॉडेलमध्ये एका वेळी सिनॅप्टिक्सचं आणि दुसऱ्या वेळी एलनचं टचपॅड बसवलेलं असतं. सॉकेट सारखं, भोकं सारखी, पण पट्टीची मांडणी किंवा बायॉसची अपेक्षा वेगळी असू शकते. जुन्या टचपॅडच्या पाठीवरचा नंबर नव्याशी अक्षरन् अक्षर जुळवा. लेनोव्होत एफआरयू नंबर, डेलमध्ये डीपी/एन नंबर, एचपीत स्पेअर पार्ट नंबर. 'त्याच मॉडेलचंय' एवढ्यावर विश्वास टाकू नका. कव्हर बदलताना स्क्रूही मिसळतात. एम२ मापाचे स्क्रू ३, ४, ५ मिलिमीटर लांबीचे असतात आणि वरून सारखेच दिसतात. टचपॅडखाली लांब स्क्रू गेला की क्लिक अडकतं, काही वेळा टचपॅडची काचही तडकते. काढलेले स्क्रू कागदावर मशीनचा आकार काढून त्या-त्या जागी टेपने चिकटवा.

पडदा किंवा बिजागरी बदलल्यावर टचपॅड का बंद पडेल, असं वाटतं. कारण मजेशीर आहे. झाकण बंद आहे की उघडं, हे पडद्याच्या चौकटीतला एक छोटा चुंबक आणि खालचा हॉल सेन्सर (चुंबक ओळखणारा) मिळून ठरवतात. ३६० अंशांत फिरणाऱ्या लॅपटॉपात पडदा मागे गेला की टचपॅड आणि कीबोर्ड मुद्दाम बंद केले जातात. नवीन चौकटीत चुंबक चुकीच्या जागी बसला, तर मशीन स्वतःला टॅबलेट समजून बसू शकतं. टचपॅड आणि कीबोर्ड दोन्ही बंद, पण बायॉसमध्ये कीबोर्ड चालतो, असं दिसलं तर चुंबक जुन्या चौकटीतल्याच जागी बसलाय का ते बघा.

मॅकबुकची गोष्ट थोडी वेगळी. २०१५ च्या आसपासच्या कित्येक मॉडेलांत कीबोर्ड ट्रॅकपॅडमार्गे बोर्डाला जोडलेला असतो, त्यामुळे दोन्ही एकदम गेले तर दोन्ही पार्ट मागवू नका; मधली एकच फ्लेक्स पट्टी तपासा. बॅटरीवरून जाणारी ही पट्टी घडीच्या जागी चिरते.

मदरबोर्ड बदलला असेल तर आधी बायॉस, मग चिपसेट ड्रायव्हर, मग पट्टी, या क्रमाने जा.

चालतं, पण वेड्यासारखं

बाण उड्या मारतो, आपोआप क्लिक होतं, दोन बोटांनी सरकवताना अडखळतं. हे टचपॅड जिवंत असल्याचं लक्षण आहे. चार्जर काढून बॅटरीवर चालवा. लगेच सुधारलं तर दोष ग्राउंडचा. टचपॅड बोटाने होणारा विद्युतभारातला सूक्ष्म फरक मोजतं. चार्जरमधून येणारा गोंगाट त्यात मिसळला की त्याला बोट कुठलं आणि गोंगाट कुठला ते कळत नाही. पेठांतल्या जुन्या घरांत अर्थिंग नावापुरतं असतं आणि वर तीन पिनांच्या चार्जरला दोन पिनांचं अ‍ॅडॅप्टर लावलेलं असतं. पार्ट बदलताना फॉइल गेलं आणि घरात अर्थिंग नाही, असं दोन्ही जुळून आलं की बाण नाचायला लागतो. अर्थिंग चांगलं असलेल्या जागी एकदा चार्जरवर तपासा. तिथे ठीक, घरी बिघाड, असं असेल तर घरच्या सॉकेटचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या, आणि मशीनमध्ये फॉइल परत लावा: टचपॅडच्या पाठीवरच्या उघड्या तांब्याच्या भागापासून कव्हरच्या धातूपर्यंत. जवळचा ग्राउंडचा स्क्रू लावायचा राहिलाय का तेही बघा.

बाण फक्त एका पट्ट्यात चालत नसेल, म्हणजे उजवीकडचा तिसरा भाग मृत आणि बाकी ठीक, तर ते टचपॅडच्या आतलं नुकसान आहे. अशा वेळी बदलण्यातच शहाणपण.

मल्टिमीटरने शेवटचा निकाल

पट्टी दोन्हीकडून काढा. मीटर बीपवर ठेवून एका टोकाच्या पहिल्या संपर्कापासून दुसऱ्या टोकाच्या त्याच तारेपर्यंत प्रत्येक तार तपासा. प्रत्येक वेळी बीप आला पाहिजे आणि रोध एक-दोन ओहमच्या आतच असावा. मग शेजारच्या तारा एकमेकींशी भिडतात का ते बघा. तिथे बीप येता कामा नये. तपासताना पट्टी घडीच्या जागी हलवत राहा, कारण चिरलेली तार सरळ ठेवली की जुळते आणि वाकली की सुटते.

पट्टी ठीक असेल आणि हात स्थिर असेल, तरच मशीन चालू करून बोर्डाच्या सॉकेटवर ३.३ व्होल्ट येतात का ते बघा. काळी टोचणी स्क्रूच्या धातूवर, लाल टोचणी पिनेवर, तीही बारीक टोकाची. दोन पिना एकदम टोचल्या तर वर सांगितलेला फ्यूज तुम्हीच उडवाल. ३.३ व्होल्ट कुठेच नाहीत म्हणजे बोर्डावरचा फ्यूज किंवा स्विच उडालेला. व्होल्टेज आहे, पट्टी चांगली आहे, उबुंटूतही बंद आहे, तेव्हाच टचपॅडवर शिक्का मारायचा.

पट्टी किंवा टचपॅड मागवताना

पट्टीवर एडब्ल्यूएम २०६२४, ८०सी, ६०व्ही असं छापलेलं असतं. हा पार्ट नंबर नाही. वायरच्या आवरणाचा दर्जा आहे आणि असंख्य वेगवेगळ्या पट्ट्यांवर तोच असतो. दुकानात तो सांगून चुकीची पट्टी घरी येते. सांगायच्या गोष्टी चार: पिना किती, दोन पिनांतलं अंतर ०.५ मिलिमीटर की १, एकूण लांबी किती, आणि दोन्ही टोकांचे संपर्क एकाच अंगाला की विरुद्ध अंगांना. अंतर मोजायला अवघड जातं, त्यासाठी सोपा हिशेब: पिनांच्या संख्येत एक मिळवायचा आणि पट्टीच्या रुंदीला त्याने भागायचं. ८ पिना आणि रुंदी साडेचार मिलिमीटर असेल तर अंतर ०.५, ८ पिना आणि ९ मिलिमीटर असेल तर १. संपर्क विरुद्ध अंगांना असलेली पट्टी सारख्या अंगांच्या जागी लावली तर ती एका टोकाला जोडलीच जात नाही, आणि पिळून बसवली तर पिनांचा क्रम उलटतो.

कोल्हापुरात पट्टी मिळाली नाही तर पार्ट पुण्याहून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कुरिअरने येतो, म्हणून ही मापं फोटोसकट पाठवा आणि फोटोत पट्टीशेजारी स्टीलची फूटपट्टी ठेवा. दुरुस्ती ज्या दुकानात झाली तिथे परत जात असाल तर नुसतं 'टचपॅड चालत नाही' म्हणू नका. 'दादा, बॅटरी बदलल्यापासून कोड १० दाखवतंय, उबुंटूतही बंद आहे, पट्टीचं खालचं टोक एकदा बघा' असं सांगा. त्याचंही काम सोपं होतं आणि नवं टचपॅड तुमच्या माथी मारलं जात नाही.

जोडणी झाल्यावर झाकणाचे सगळे स्क्रू लगेच आवळू नका. झाकण नुसतं टेकवा, बॅटरी जोडा, मशीन चालू करा. बोटाने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरक्या रेघा ओढून बाण कुठे अडखळतो का ते बघा, दोन बोटांनी सरकवा, डावं-उजवं क्लिक तीन-तीन ठिकाणी दाबा, चार्जर लावून आणि काढून हेच पुन्हा करा. मग चार कोपऱ्यांचे स्क्रू लावून परत एकदा. झाकण आवळल्यावरच बिघाड होत असेल तर एखादी वायर टचपॅडच्या पाठीखाली चेपली जातेय; वायफायच्या काळ्या-पांढऱ्या अँटेना वायरी त्यांच्या खाचेत परत बसवा.